धाकटीची बालवाडी

सतरा वर्षं मी आईबापांना एकच वाक्य सांगत आलो : "गेटवर सोडा आणि मागं वळून बघू नका. पाच मिनिटांत रडणं थांबतं." आमच्या शाळेला प्राथमिक विभाग जोडलेला आहे. दर जूनमध्ये पहिलीच्या वर्गाबाहेर आयांची गर्दी होते, कुणी बुरखा सावरत, कुणी छत्रीचं पाणी झटकत खिडकीतून डोकावत असते आणि मी व्हरांड्यातून त्यांना हाकलत असतो. बी.एड. झालेला माणूस, आवाज मोठा, बाया मुकाट्यानं निघून जातात.

यंदा जूनच्या मध्यावर मीच एका बालवाडीच्या कंपाउंडबाहेर रेनकोट घालून उभा होतो. रत्नागिरीचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि त्यातला निम्मा शाळा उघडण्याच्या पहिल्या आठवड्यातच पडतो असं मला नेहमी वाटतं. धाकटीनं माझ्या रेनकोटचं बटण धरून ठेवलं होतं. ताईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली. बटण तुटून तिच्या मुठीत गेलं. दार बंद झालं आणि आतून आवाज आला, "अब्बाऽऽ, मना नको जावाचा!"

पाच मिनिटांत रडणं थांबलं नाही. मी घड्याळ लावून बघितलं. अठरा मिनिटं लागली. तोवर मी भिंतीला लागून असलेल्या फणसाच्या झाडाखाली उभा होतो, आतून कुणाला दिसणार नाही असा.

धाकटी म्हणजे आमचं शेंडेफळ. मोठा मुलगा आठवीत आहे, आणि ही आत्ता साडेतीन वर्षं पार करून चौथ्याकडे निघालेली. तिला कुठं घालायचं यावर घरात आणि घराबाहेर बरंच झालं. माझ्या साडूंचं म्हणणं इंग्रजी माध्यमाचं, कारण ज्युनिअर केजीपासून घातलं नाही तर पुढं प्रवेश मिळत नाही. एका सहकाऱ्यानं स्टाफरूममध्ये सर्वांसमोर विचारलं, "सर, तुम्ही उर्दूचे उस्ताद, लोकांच्या दारोदार फिरून उर्दू शाळेत मुलं घाला म्हणता, आणि स्वतःची मुलगी मराठीत?" प्रश्न रास्त होता. पटसंख्येसाठी मे महिन्यात आम्ही खरोखरच दारोदार फिरतो. मिरकरवाड्यापासून राजिवड्यापर्यंत माझ्या चपला झिजल्या आहेत. मी म्हटलं, मोठा उर्दूत शिकतोच आहे, हिला मराठी येऊ दे, पहिलीचं पहिलीला बघू. त्याला मी नोकरीचं, स्पर्धा परीक्षांचं, तहसील कचेरीत अर्ज लिहिण्याचं कारण दिलं. ती कारणं खरी आहेत. पण त्याहून खरं कारण असं की ही बालवाडी घरापासून चालत सात मिनिटांवर आहे आणि माझ्या आईचे गुडघे तेवढं अंतर अजून चालू शकतात.

आईचा, म्हणजे मुलीच्या दादीचा, आक्षेप वेगळाच होता. "बिस्मिल्ला झायली नाय नि शाळेत चलली?" आमच्याकडं मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याची बिस्मिल्ला करायची जुनी चाल आहे. मौलाना येतात, सूरह अलक़च्या पहिल्या आयती मुलाकडून म्हणवून घेतात, पाटीवर अलिफ गिरवतात, पेढे वाटतात. मग अक्षराला हात लावायचा. धाकटीचे चार-चार-चार फेब्रुवारीत भरतात. आईच्या हिशेबानं मी आठ महिने घाई केली होती. मी तिला समजावलं की बालवाडीत अक्षरं शिकवत नाहीत, नुसतं खेळवतात. ती म्हणाली, "खेळाला घरात काय कमी हाय?" याला उत्तर नव्हतं.

पहिल्या आठवड्यात रोज रडणं झालं. दुसऱ्या आठवड्यात रडणं कमी झालं आणि ती गप्प झाली. मी शिक्षक आहे, गप्प मुलं मला आवडतात, हे इथं कबूल करायला हवं. मला वाटलं, रुळली. घरी आल्यावर मात्र ती आल्या आल्या चप्पलसुद्धा न काढता मोरीकडं धावायची. आम्ही हसायचो. आई म्हणायची, पावसाळा आहे, पोरांना सारखी लागते.

डब्याचा कागद मिळाला होता. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी पोहे, असं शनिवारपर्यंत. खाली लिहिलेलं, मासे-अंडी नको. तक्रार नाही, बालवाडीत सगळ्यांची मुलं असतात. पण जून-जुलैत मासेमारी बंद असतानाही आमच्या घरात सुक्या बांगड्याशिवाय घास उतरत नाही, आणि धाकटीला 'पोळी' म्हणजे काय ते कळेना. आमच्याकडं चपाती. बायकोनं घावन दिले, सांदण दिलं. सांदणाचा डबा रिकामा येऊ लागला तेव्हा आम्ही खूश झालो. नंतर कळलं की तो शेजारची मुलगी खात होती.

दुसऱ्या शनिवारी ताईंनी मला थांबवलं. वयानं माझ्याएवढ्याच असतील, वीसेक वर्षं हेच काम करतायत. म्हणाल्या, "सर, राग मानू नका. ती घरी बोलते का?" मी म्हटलं, बोलते म्हणजे काय, तोंड बंद होत नाही. त्या म्हणाल्या, "इथं एक शब्द बोलत नाही. हाक मारली तरी बघत राहते. एकदा कान तपासून घ्या."

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आईनं हातातली सुपारी खाली ठेवली. पोर मुकी नाही हे तिनं शेजारच्या तीन घरांत जाऊन सांगितलं. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. कारण ताईंचं वाक्य मला ओळखीचं होतं. ते माझंच वाक्य होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या पाचवीच्या वर्गात खाडीपलीकडच्या एका गावातून एक मुलगी आली होती. वडील बोटीवर. तिला काही विचारलं की ती ओढणीचं टोक तोंडात धरायची. मी वर्षभर तिच्याशी उर्दूत बोललो आणि मराठीच्या तासाला मराठीत. तिच्या प्रगतिपत्रकावर मी 'अभिव्यक्ती कमी' असं लिहिलं, आणि बापाला बोलावून कान तपासायला सांगितले. बाप म्हणाला, "सर, घरात ती गप्प बसतच नाय." मला वाटलं, बाप आहे, लाड करतोय. सहावीनंतर तिनं शाळा सोडली. तिनं माझ्यामुळं सोडली असं मी म्हणत नाही, घरची कारणं असतील. पण त्या वर्षभरात मी एकदाही तिच्याशी कोकणीत बोललो नाही, आणि कोकणी ही माझ्याही आईची बोली आहे.

इथं आमच्या एका जुन्या लबाडीबद्दल सांगतो. कोकणी मुसलमानाच्या घरात चुलीपाशी, अंगणात, भांडणात आणि मयतात कोकणी बोलतात. मराठीचीच ती एक बोली, फारसी-अरबी शब्दांची फोडणी दिलेली. 'मला'ला आम्ही 'मना' म्हणतो. पण शाळेच्या अर्जावर 'मातृभाषा' असा रकाना आला की आमचा हात आपोआप 'उर्दू' लिहितो. माझ्या वडिलांनी माझ्या अर्जावर लिहिलं, मी मोठ्याच्या लिहिलं, आणि यंदा मराठी बालवाडीच्या अर्जावरही मी तेच लिहिलं. उर्दूवर माझं प्रेम आहे, पोटही तिच्यावर आहे. पण धाकटी झोपेत उर्दू बोलत नाही. ताईंनी अर्ज वाचून बिचाऱ्यांनी पहिल्या दिवशी तिच्याशी थोडं हिंदी बोलून पाहिलं होतं, हे नंतर समजलं. म्हणजे घरी कोकणी, कागदावर उर्दू, वर्गात प्रमाण मराठी आणि मध्ये ही हिंदी. साडेतीन वर्षांच्या मुलीनं गप्प राहावं नाही तर काय करावं?

तिसऱ्या आठवड्यात तिला ताप आला. पावसाळी ताप असेल म्हणून दोन दिवस घरचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी ती लघवी करताना रडली तेव्हा डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी लघवी तपासायला सांगितली, जंतुसंसर्ग निघाला. डॉक्टर म्हणाले, "बालवाडीत नवीन घातलीय का? शाळेत शू करते का, विचारा. पोरी रोखून धरतात. पाणीही पीत नाहीत मग."

रात्री तिला मांडीवर घेऊन मी विचारलं. तिनं फार साधेपणानं सांगितलं, "मी बोल्ली. बाईना समजला नाय."

काय बोललीस?

"इस्तिंजा."

आमच्या घरात हाच शब्द आहे. माझ्या आईचा शब्द, तिच्या आईचाही. लघवीला जाणं आणि पाण्यानं स्वच्छ होणं, सगळं मिळून इस्तिंजा. पोरीला दुसरा शब्दच माहीत नव्हता. 'शू' हा शब्द तिनं कधी ऐकलेला नव्हता, कारण माझ्या लक्षातच आलं नाही की तो शिकवायला लागेल. मे महिन्यात मी तिला 'क कमळाचा' शिकवलं होतं. रंगांची नावं मराठीतून पाठ करून घेतली होती, लाल, पिवळा, जांभळा. पाहुण्यांसमोर म्हणवून घ्यायचो. उर्दू-मराठीच्या शिक्षकानं स्वतःच्या मुलीला जांभळा शिकवला आणि शू शिकवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत उशिरा येतो म्हणून कळवलं आणि ताईंकडं गेलो. मनात थोडा रागही होता, खोटं कशाला बोलू. त्यांना शब्द सांगितला. त्या एकदम खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "सर, दुसऱ्याच दिवशी ती माझ्याकडं आली होती. दोनदा म्हणाली. मला वाटलं कुणाचं तरी नाव आहे. मी विचारलं, कोण गं इस्तिंजा, तुझी ताई का? मुलं हसली. त्यानंतर ती बोललीच नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा राग तिथंच संपला. मी माझ्या पाचवीतल्या मुलीबद्दल त्यांना सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट निघाली. डब्याच्या आधी सगळ्या मुलांना रांगेनं बाथरूमला नेतात. धाकटीही जायची आणि तशीच परत यायची. कारण दादीनं तिला पक्कं शिकवलेलं, पाणी घेतल्याबिगर उठायचं नाही. तिथं नळ होता, मग होता, पण नळ तिच्या हाताला पुरत नव्हता आणि पाणी द्यायला दादी नव्हती. तेव्हा तिनं बसायचंच नाही असं ठरवलं. तीन तास, रोज, तीन आठवडे.

बी.एड.ला असताना आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्यावर हमखास प्रश्न असायचा. मी तो प्रश्न सोडत नसे, उत्तर पाठ होतं. ताराबाईंचा जन्म १८९२ चा. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ, १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र, तिथं अनुताई येऊन मिळाल्या, १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली, म्हणून अंगणवाडी. विकतच्या खेळण्यांऐवजी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं. पुढं २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. हे सगळं मी सुवाच्य अक्षरात लिहून चांगले गुण मिळवले. आता वाटतं, मूल तुमच्याकडं येत नसेल तर तुम्ही त्याच्या अंगणात जा, एवढं एक वाक्य जरी तेव्हा नीट वाचलं असतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणावरचं प्रशिक्षणही झालं माझं. तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा, त्यात घरच्या भाषेला महत्त्व. त्या प्रशिक्षणात गटचर्चेचा अहवाल मीच वाचून दाखवला होता. टाळ्या पडल्या होत्या.

ताईंनी मात्र अहवाल वगैरे काही लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना गोल बसवून विचारलं, "तुमच्या घरी शूला काय म्हणतात?" मुलं आधी तोंडावर हात ठेवून हसली, मग एकेकाचं उघडलं. कुणी सू म्हणालं, कुणी मुताक, कुणी एकदम शहाण्यासारखं लघवी, दोघं-तिघं बाथरूम. आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी जोडप्याचा मुलगा आहे, तो म्हणाला पिसाब. रस्त्याच्या कामावर आलेल्या कानडी मजुराची मुलगी आहे, ती म्हणाली उच्चे. आणि मग, ताईंनी मला सांगितलं, आमच्या बाईसाहेब तीन आठवड्यांनी पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. इस्तिंजा. या वेळी कुणी हसलं नाही, कारण उच्चेवर हसून पोरांची पोटं आधीच दुखत होती.

ताईंनी ते सगळे शब्द देवनागरीत एका पुठ्ठ्यावर लिहून कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं चिकटवले आहेत, मदतनीस मावशींसाठी. नळाखाली एक भरलेली बादली आणि छोटा मग ठेवलाय. एवढंच काम होतं. पाच दिवसांच्या औषधानं ताप गेला.

बोलायला लागल्यावर ती थांबेना. आता दोन्हीकडचं एकत्र करून बोलते. घरी येऊन आपल्या दादीला ओरडते, "दादी, मना शू लागली!" दादी विचारते, "ही शू कोन?" आणि दोघी हसत सुटतात. आईनं मुद्दाम पाठ केलेला विनोद आहे तो, रोज करते. चपातीला ती पोळी म्हणायला लागली, यावर आईनं एक दिवस नापसंती दाखवली, मग स्वतःच "पोळी घे गो" म्हणून मोकळी झाली.

एक गोष्ट मी खिडकीतून बघितली. हो, मी अजून फणसाखाली थांबतो, दोनच मिनिटं. सकाळी प्रार्थनेला सगळी मुलं डोळे मिटून हात जोडतात. धाकटीनं हात जोडले नव्हते, दुआला धरतात तसे तळवे वर करून ओंजळ धरली होती. शेवटी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. ताई समोरच होत्या, त्यांनी बघितलं आणि पुढं गेल्या. शेजारची सांदण खाणारी मुलगी एक डोळा उघडून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनंही प्रार्थना संपल्यावर तोंडावरून हात फिरवले. तिच्या आईला काय वाटेल याची मला दोन दिवस धास्ती होती. तिची आई गेटवर भेटली तेव्हा तिनं विचारलं ते एवढंच, "त्या सांदणात नारळाचं दूध घालता की नुसतं खोबरं?" मी म्हटलं, घरी विचारून सांगतो.

गेल्या आठवड्यात मी बालवाडीच्या कार्यालयात जाऊन अर्ज दुरुस्त करायला मागितला. मातृभाषेच्या रकान्यातलं उर्दू खोडून कोकणी लिहायचं म्हटलं. कारकून म्हणाले, "कोकणी म्हणजे गोव्याची?" मी म्हटलं, नाही, इथलीच. "मग मालवणी?" तीही नाही. ते म्हणाले, "मग मराठीच लिहा ना सर." दहा मिनिटं आम्ही बोललो. शेवटी त्यांनी 'उर्दू / कोकणी (रत्नागिरी)' असं लिहिलं आणि शिक्का मारला. पुरेसं आहे. माझ्या स्वतःच्या वर्गात आता पाचवीचा पहिला महिना मी मुलांना कोकणीत उत्तर द्यायची मुभा दिली आहे. मुख्याध्यापक नाखूश आहेत. मी कबूल करतो की वर्गात गोंगाट वाढलाय.

रेनकोटचं बटण अजून तिच्या दप्तरात आहे. लावून द्यायचं म्हटलं तर देत नाही.

आई फेब्रुवारीचे दिवस मोजतेय. चार वर्षं, चार महिने, चार दिवस, कॅलेंडरवर तिनं पेनानं गोल केलाय. मौलानांना सांगून झालं, पेढे कुठून आणायचे ते ठरलं. धाकटीनं काल विचारलं, बिस्मिल्लाला ताई येणार का? मी म्हटलं, तू विचार. तिनं आज गेटवर विचारलं, आधी कोकणीत, मग ताईंना कळलं नाही असं वाटून मराठीत. ताईंनी पदराला हात पुसले, पर्समधून छोटी डायरी काढली आणि तारीख लिहून घेतली.